पाठमोरी

निरोप्याने पाणी घेतलं नाही, तेव्हाच आईला कळलं. मला कळायला आणखी वेळ लागला.

१९७२ सालचा चैत्र होता. मी बन्सी सुताराकडून घरी येत होतो. आमच्या बांधावरचा एक आंबा वठला होता, त्याचा ओंडका मी त्याच्याकडे टाकला होता. मुक्ताला, म्हणजे माझ्या बायकोला, भाकरी थापायला नवी काठवट हवी होती. जुनी बुडाला झिजून डगमगायची. थापताना ती गुडघ्याने दाबून धरावी लागायची. मुक्ता पहिल्या बाळंतपणाला माहेरी गेली होती. ती परत येईल तेव्हा चुलीपुढे नवी काठवट असावी, एवढंच माझ्या मनात होतं. बन्सीने निम्मी कोरून दाखवली होती आणि मी खुशीत घरी येत होतो.

दाराबाहेर एक माणूस उभा होता. मामाच्या गावचा, म्हणजे मुक्ताच्या माहेरचा, नेवाशाकडचा. राहुरीपर्यंत एस.टी.ने आणि तिथून पायी आलेला. सदरा पाठीला चिकटला होता. आई त्याच्यापुढे पाण्याचा तांब्या धरून उभी होती आणि तो तांब्याकडे बघत नव्हता.

"कानिफनाथ, मुक्ताबाईला जरा बरं न्हाई," तो म्हणाला. "आत्याला घे आन चल माझ्यासंगं."

"काय झालं? दवाखान्यात नेलं का?"

"नेलं हुतं."

"मग आता कसं हाय?"

"चल तर खरं."

मी म्हणालो, "येवढ्या उन्हाचा आलास, पानी तरी पी." आईच्या हातातला तांब्या घेऊन मी त्याच्या हातात दिला. त्याने तो धरला आणि तसाच उंबऱ्याजवळ खाली ठेवला. आमच्याकडे मयताचा निरोप आणणारा माणूस त्या घरचं पाणी पीत नाही. हे मला ठाऊक होतं. तरी मी तांब्या उचलून पुन्हा त्याच्यापुढे केला.

"कानिफा," आई म्हणाली, "ठिव तो तांब्या."

आम्ही पोचेपर्यंत त्यांनी सगळं उरकलं होतं. ऊन फार होतं, आणि बाळंतपणात गेलेली बाई जास्त वेळ ठेवत नाहीत. मूलही गेलं होतं. मामा, म्हणजे माझे सासरे सूर्यभान, ओट्यावर बसले होते. आई त्यांची सख्खी थोरली बहीण. मुक्ता त्यांची थोरली लेक, तिच्या पाठची बनूबाई. बनू मला बघून आत गेली. मुक्ताचं तोंड मला बघायला मिळालं नाही.

तेराव्यानंतर बन्सीचा निरोप आला, काठवटीचं काय करू. मी गेलो. त्याच्या छपरात ती तशीच पडलेली होती. एका बाजूने खोलगट, दुसऱ्या बाजूने नुसतं लाकूड.

"नेतोस का तशीच?" बन्सी म्हणाला. "का सरपनाला फोडू?"

त्याचा वाकस, लाकूड तासायचं हत्यार, तिथेच पडला होता. तो उचलला आणि लाकडावर घातला. पहिला घाव भलतीकडेच गेला.

"पायावर मारशील, बापू. दोन पाय हायेत तवर नीट बस." त्याने मला बसायचं कसं ते दाखवलं, लाकूड पायांच्या तळव्यात कसं धरायचं ते दाखवलं आणि स्वतः बिडी पेटवून भिंतीला टेकला. त्याला काही काम नव्हतं. पुढे पाऊसही आला नाही, त्यामुळे कोणाला नांगर नको होता, पाभर नको होती. "शेतकऱ्यानं वाकस धरला," तो म्हणाला. "आता मी तुझा नांगर धरतो. जमीन तेवढी माझ्या नावावर कर."

काठवट मीच पुरी केली. वाकसाने खोल केली, मग पटाशीने आतून साफ केली. आत हात फिरवला की कुठे फुगवटा राहिलाय ते कळायचं. डोळ्यांना दिसायचं नाही, पण हाताला कळायचं. हे मला नवीन होतं. मी जन्मभर नांगर धरला, मोट हाकली, खुरपं चालवलं. पण एखादी वस्तू बरोबर झाली आहे की नाही हे माझ्या हाताने मला कधी सांगितलं नव्हतं. काठवट घरी आणून चुलीपुढे ठेवली. आईने उलटी करून पाहिली, बुडाला हात लावला आणि म्हणाली, "हालत न्हाई." त्या दिवशी तिने त्यात भाकरी थापली नाही. दुसऱ्या दिवशी थापली.

त्या वर्षी शेतात काही नव्हतं. सकाळी सरकारी रस्त्याच्या कामावर खडी फोडायला जायचं, उन्हं कलली की बन्सीच्या छपरात. बन्सीच्या जुन्या चौकटींचे सागाचे तुकडे पडले होते. मी त्यांचे काही ना काही करायचो. एक बैल केला. तो कुत्र्यासारखा दिसला. दुसरा केला, तो बैलासारखा झाला, आणि तिसरा आमचा ढवळ्या झाला. एक शिंग किंचित आत वळलेलं, तसं. मी मुद्दाम वळवलं नव्हतं. हात तिकडे गेला. बन्सीने तो हातात घेऊन फिरवून पाहिला.

"ह्याला पोळ्याला पुरनपोळी खाऊ घाल," तो म्हणाला. "खऱ्याला चाराच न्हाई."

घरात मात्र मला बसवत नसे. घर लहान. एक सोपा, एक आतली खोली, चूल भिंतीशी. आई बोलायची ते एकच. दसऱ्याला मामा आले आणि मग तेही तेच बोलू लागले. बनूला करून घ्यायची.

"माझ्या भावाची लेक ह्या घरात आली आन गेली," आई म्हणाली. "आता बाहेरची आनलीस तर माझं म्हायेर तुटलं म्हनून समज."

"मला कोनीच नको."

"बरं," आई म्हणाली आणि ताटात भाकरी वाढली. दुसऱ्या दिवशी तेच बोलणं पुन्हा. तिसऱ्या दिवशी पुन्हा. ती चिडायची नाही. चिडली असती तर मला भांडता आलं असतं. मामाही चिडत नसत. ते म्हणायचे, "पोरीला स्थळं येतात, मी थांबवून धरलीत." मी त्यांना थांबवायला सांगितलं नव्हतं. पण थांबवून धरली होती हे खरं, आणि प्रत्येक दिवसाने ते आणखी खरं होत गेलं. गावात लोक मला विचारू लागले, हळद कधी. मी कुठेही हो म्हणालो नव्हतो आणि सगळीकडे ते ठरलेलं होतं.

मग टाकाचा विषय निघाला. आमच्यात दुसरेपणावर दिलेल्या बाईने पहिलीचा टाक गळ्यात घालायचा असतो. चांदीचा, बोटाच्या पेराएवढा, त्यावर बाईची आकृती. नाही घातला तर पहिली दुसरीच्या अंगावर येते म्हणतात. बहिणी असल्या तरी त्यातून सुटका नाही. आई मला घेऊन राहुरीला सोनाराकडे गेली.

सोनाराने एक ठसा काढला. काशाचा, झिजून गुळगुळीत झालेला. दोन गोल डोळे, नाकाच्या जागी एक रेघ, दोन्ही हात अंगाशी.

"आमच्या बापापासून हाच हाय," तो म्हणाला. "ह्या पट्ट्यातल्या समद्या बायका ह्याच्यातनंच निघाल्या."

मी ठसा हातात घेऊन बघत राहिलो. मग म्हणालो, "ही मुक्ता न्हाई."

"कोन म्हनतं हाय म्हनून? नाव घिऊन पूजा केली की हुती."

"मी करून आनतो. लाकडात कोरून देतो. त्याच्यावरनं वतता यील का?"

"यील की. पन तोंड पायजे. तोंडाबिगर टाक न्हाई."

आईने माझ्याकडे बघितलं. मला वाटलं ती नको म्हणेल. ती म्हणाली, "कर. माघापातुर कर. माघात हळद लावायची. तुझं झालं तर तुझं, न्हाई झालं तर ह्यांचं."

एस.टी.त बसल्यावर माझ्या लक्षात आलं की मी काय केलं. टाक मी करीन म्हणालो म्हणजे लग्नाला मी हो म्हणालो. आईने तेवढ्यावर गाठ मारून टाकली होती. आता तोंड झालं तर लग्न, आणि तोंड झालं नाही तर मुक्ता त्या ठशातून निघणार आणि लग्न तर होणारच. त्यातल्या त्यात माझ्या हातात एकच गोष्ट उरली होती. मुक्ता बनूच्या गळ्यात कोणाच्या तोंडाने जाणार, एवढी.

मी सागाचा तळहाताएवढा तुकडा घेतला. तोंड जमलं की मग लहान करू, असा विचार. पहिल्या तुकड्याचं नाक उडालं. दुसऱ्याचंही उडालं. मग समजलं की नाक आधी मोकळं सोडायचं आणि बाकीचं खाली घालत जायचं. तिसऱ्याला नाक राहिलं, पण ते कोणाचंही नाक होतं. मी पटाशी ठेवून डोळे मिटून बसलो आणि मुक्ताला आठवायला लागलो. तोंड आलं नाही. टिकली आली, कानातली बुगडी आली, पदराची कड आली. या सगळ्याच्या मधे काही नव्हतं.

फोटो नव्हताच. आमच्यात कोण काढतं.

दिवाळीनंतर मामा बनूला घेऊन आले. त्यांच्या विहिरीत नुसता गाळ उरला होता. इकडे मुळा नदीच्या पात्रात झिरे खणून पाणी मिळत होतं आणि रस्त्याच्या कामावर बाईमाणसाला घेत होते. "तुझ्याकडं राहू दे चार महिनं," ते आईला म्हणाले. "भाचीच हाय तुझी." आई म्हणाली, "माझी सूनच हाय." बनू तेव्हा खाली बघून पायाचं जोडवं नसलेलं बोट चोळत होती.

ती घरात आली आणि घर आणखी लहान झालं. ती मला दाजी म्हणायची, कारण मी तिच्या बहिणीचा नवरा. आई तिला म्हणाली, "आता दाजी म्हनू नको." तिने विचारलं, "मग काय म्हनू?" नवऱ्याला हाक मारायला आमच्या बायकांकडे काही शब्द नसतो, आणि मी अजून नवरा नव्हतो.

एकदा ती सोप्यात धान्य पाखडत होती आणि मी तिच्याकडे बघत होतो. तिने सूप खाली ठेवलं.

"दाजी, काय बघता?"

"नाक."

"कोनाचं?"

"मुक्ताचं."

"माझ्या तोंडावर?" ती हसली नाही, पण हसायच्या बेतात होती. "अक्काचं नाक बसकं हुतं. माझं आजीवानी हाय, सरळ."

आई आतून म्हणाली, "बसकं नव्हतं. जरा फेंदारल्यालं हुतं."

"आत्या, बसकं हुतं. लहानपनी आमी तिला चपटी म्हनायचो. ती दगड मारायची."

"मी सून म्हनून बघून आनली तिला. मला ठावं न्हाई?"

"तू तिला बघायला आलीस तवा तिला सर्दी हुती."

आई बाहेर आली. दोघी बराच वेळ भांडल्या. मुक्ताच्या हनुवटीला खळगा होता का, डोळे लहान होते का मोठे, कपाळ किती. दोघींना खात्री होती आणि दोघींचं जमत नव्हतं. मला विचारलं. मी म्हणालो, "मला न्हाई सांगता यायचं." आई माझ्याकडे जरा चमत्कारिक बघत राहिली.

ते खरं होतं, आणि त्याचं कारणही साधं होतं. आमच्या घरात सासूपुढे सून नवऱ्याच्या समोर उभी राहत नाही. डोक्यावर पदर, तोंड दुसरीकडे. मुक्ता दिवसाउजेडी माझ्यासमोर तोंड करून कधी बोलली नाही. मी जेवायला बसायचो आणि ती चुलीकडे तोंड करून भाकरी थापायची. आम्ही असंच बोलायचो. ती भिंतीशी बोलायची आणि मी ताटाशी. सगळ्यांच्या घरी असंच. लग्नाआधी मामाच्या घरी पाहिलेली ती लहान पोर होती, तिचं तोंड या कामाचं नव्हतं.

तरी मी तोंड कोरत राहिलो. बनू समोर होती, दोघी बहिणी, कुठेतरी सारखेपणा असणारच, असं मला वाटायचं. तिचं कपाळ घ्यायचं, मुक्ताचं म्हणून. डोळ्यांची ठेवण घ्यायची. नाक जरा बसवायचं. पौष लागला तेव्हा एक तोंड पुरं झालं. ते चांगलं झालं होतं. जिवंत वाटत होतं. बन्सी म्हणाला, "बापू, आता तू मला बिड्या पाजायच्या, मी तुला न्हाई." मी ते फडक्यात बांधून घरी नेलं आणि आईपुढे ठेवलं.

आईने ते उजेडाला धरलं. "ही बनू हाय," ती म्हणाली.

बनू चुलीपाशी होती. ती उठून आली. तिने ते हातात घेतलं नाही, नुसतं बघितलं. मग आई गोठ्यात गेल्यावर मला म्हणाली, "माझंच तोंड माझ्या गळ्यात बांधता का, दाजी? मेलेल्या बाईच्या नावानं?"

"तसं करायचं नव्हतं."

"मग करू नका." थोडं थांबून ती म्हणाली, "तुमी न्हाई म्हना की आत्याला. माझ्यानं म्हनवत न्हाई. बाप म्हनतो, तूच घर सांभाळशील. मी काय सांभाळू? अक्काचं सांभाळू का माझं?"

"मी म्हनलं न्हाई म्हनून. तिनं भाकरी वाढली."

"मला बी," बनू म्हणाली.

आम्ही दोघं तिथे उभे होतो. तेवढ्यात आई दूध घेऊन आली आणि बनू पुन्हा चुलीकडे वळली. मी पाटावर बसलो. तिची पाठ माझ्याकडे होती आणि मी बघितलं की ही पाठ मुक्ताची नाही. बनू दोन्ही खांदे सारखे ठेवून थापायची. मुक्ताचा डावा खांदा खाली असायचा. लहानपणापासून डाव्या कमरेवर घागर वाहिलेली, त्याने तो उतरला होता. थापताना उजवं कोपर बाहेर जायचं आणि मान थोडी डावीकडे कलायची. अंबाडा सैल असायचा, दुपारपर्यंत मानेवर यायचा. कासोटा खोचलेल्या जागी लुगड्याला दोन चुण्या पडायच्या, एक लांब, एक आखूड. हे सगळं मला असं दिसलं की मी हातातला घास तसाच धरून बसलो.

दुसऱ्या दिवशी मी खडीवर गेलो नाही. सकाळीच बन्सीकडे गेलो आणि नवा तुकडा घेतला. तोंड सोडून दिलं, डाव्या कमरेवर घागर घेतलेली पाठमोरी मुक्ता करायची ठरवली आणि खांद्यापासून सुरुवात केली. पटाशी एकदाही अडली नाही असं नाही, एका जागी गाठ होती आणि ती मी कमरेवरच्या घागरीत घेतली. पण कुठे काय हवंय हे मला विचारावं लागत नव्हतं. मानेखाली पाठीचा कणा सुरू होतो तिथे एक हाड वर यायचं, ते आलं. खांदा उतरला. अंबाडा सैल झाला. बोट फिरवलं की बरोबर की चूक ते कळत होतं, काठवटीत कळलं होतं तसं. दुपारी बन्सी जेवायला ऊठ म्हणाला तेव्हा मी त्याला हाताने थांबवलं. मला त्या छपरात पहिल्यांदा मोकळं वाटलं, आणि ते वाटलं म्हणून मी घाबरलोही.

तिन्हीसांजेला आई मला शोधत आली. खडीवर गेलो नाही ते तिला कळलं होतं. बोलायला तोंड उघडलं आणि तिची नजर माझ्या मांडीवर गेली. तिने डोक्यावरचा पदर पुढे ओढला.

"पान्याला निघाली," आई म्हणाली.

बस, एवढंच. मग ती बन्सीच्या ओंडक्यावर बसली आणि पदराने डोळे पुसत राहिली. बन्सी उठून बाहेर गेला. तेराव्यापासून मी आईला रडताना पाहिलं नव्हतं.

मला वाटलं झालं काम. मी सोनाराकडे गेलो. त्याने ते लाकूड उलटसुलट केलं.

"तोंड कुठाय?"

"ही अशीच हाय."

"पाठमोरा टाक?" तो हसला, मग माझ्याकडे बघून थांबला. "अरे बाबा, देव्हाऱ्यात पाठ करून कोन बसतं? हळदकुंकू कुठं लावायचं, पाठीला? काम चांगलं हाय तुझं. मला नंदी करून दे, मी घेतो. पन ह्याचा टाक हुत न्हाई."

मामा आले तेव्हा त्यांनीही बघितलं. त्यांनी लेकीला ओळखलं, कारण त्यांनी बोटाने तिचा उतरलेला खांदा चाचपला. पण मग ते म्हणाले, "पाठ फिरवली म्हंजी रुसली. रुसल्याली बाई दुसऱ्या लेकीच्या गळ्यात घालू मी? दोन तर लेकी." त्यांच्या आवाजात भीती होती. एक लेक त्यांनी खरोखरच गमावली होती.

मी आईकडे बघितलं. तिने ओळखलं होतं, ती बोलेल असं मला वाटलं. ती म्हणाली, "आठ दिस हायेत माघाला. तोंड कर."

मी लाकूड उलटं केलं. मागची बाजू सपाट होती, तिथे पुढचा भाग करायला जागा होती. पटाशी टेकवली आणि थांबलो. जिथे टेकवीन तिथून बनू निघणार होती. नाहीतर सोनाराच्या ठशातली बाई. बन्सी म्हणाला, "कर की काईतरी. कोनाला कळतंय?" मी पटाशी बाजूला ठेवली.

बनू मला झिऱ्यावर म्हणाली, "झालं का?"

"न्हाई."

"नका करू मग," ती म्हणाली. "सोनाराची घालते मी. ती बाई कोनीच न्हाई, ते बरं." तिने घागर कमरेवर घेतली, उजव्या. दोन पावलं गेल्यावर मागे वळून म्हणाली, "पन ते लाकूड घरातच ठिवा. फेकू नका."

माघात हळद लागली. दुष्काळात कोण जेवायला घालणार, दहा माणसांत लग्न झालं. मारुतीच्या देवळापुढे बायकांनी बनूला नाव घ्यायला लावलं. ती गोंधळली आणि बायकांना म्हणाली, "दाजींनाच विचारा." सगळ्या बायका हसल्या. आईसुद्धा हसली. बनूचं तोंड उतरलं आणि मी दुसरीकडे बघितलं. गळ्यात काळ्या दोऱ्यात तो टाक होता, नवा, चकचकीत. दोन गोल डोळे.

त्याला आता वर्षाहून जास्त झालं. पाऊस झाला, ज्वारी आली. बनू दिवसाउजेडी माझ्याशी बोलते ती भिंतीकडे तोंड करून. आई अजून आहे, आणि रीत आहे. कोणी नसलं की मला दाजी म्हणते. मी तिला थांबवत नाही. दुसरा शब्द मला तरी कुठे माहीत आहे? माझ्या काठवटीत ती भाकरी थापते. दोन्ही खांदे सारखे. थापताना टाक पुढे लोंबतो, पिठाला लागतो, तो ती उलटा करून पाठीवर टाकते. मी जेवायला बसलो की ती चांदीची बाई माझ्याकडे बघत असते.

मला हातकाम मिळायला लागलं आहे. देवळाच्या दाराला दोन नंदी दिले. राहुरीच्या एकाने पलंगाला मोर सांगितले आहेत. लोक म्हणतात, हात चांगला आहे, आधी का नाही केलंस.

ती पाठमोरी चुलीवरच्या कोनाड्यात ठेवली आहे. तिचं तोंड भिंतीकडे आहे, त्यामुळे कोणाला वाटतं मुद्दाम तशी ठेवली. शेजारपाजारच्या बायका येतात, थांबतात, आणि मुक्ता म्हणतात. एखादी विचारते, पुढनं कशी हाय? बनू म्हणते, पुढनं व्हायचीय अजून.

लाकूड आहे, पटाशीला धार आहे. पुढची बाजू कोरायची राहिली आहे.